हाक कुणाला मारायची, ते माझ्यात लिहा

मित्रांनो, नांदेडच्या एका कॉलेजातल्या कॉम्प्युटरवरचा मी एक जुना कप्पा आहे. इथली मुलं पडद्यावर खोटे टॉवर उभारून नेटवर्क कसं चालेल ते तपासतात. प्रत्येक टॉवरला माझ्यासारखा एक कप्पा असतो. निरोप वाटेत हरवला तर कोणत्या कामाला हाक मारायची, ते माझ्यात लिहायचं. जाणकार त्याला कॉलबॅक म्हणतात. मला घडवणाऱ्यानं माझं नाव सेटिंगच्या यादीत घातलं, म्हणजे मूळ कोडला हात न लावता मला बाहेरून भरता यावं.

पण यादी वाचतो कोण! सहा वर्षं मी रिकामा. कुण्या सीनियरनं हाक थेट मूळ कोडमध्ये घुसडली, आणि दर वर्षीची मुलं तीच फाइल डोळे झाकून उचलतात. वैताग आला होता मला.

यंदा शेवटच्या वर्षाच्या धम्मप्रिया आणि श्रीशैल यांनी प्रोजेक्टसाठी लोहा आणि बिलोली असे दोन टॉवर मांडले. हरवलेला निरोप लोह्यानं पुन्हा पाठवायचा, बिलोलीनं दुसऱ्या वाटेनं वळवायचा. श्रीशैल मूळ कोड बदलायचा. तो दोन्ही टॉवरचा एकच, त्यामुळे लोहा सुधारला की बिलोली बिघडायचा. दर वेळी सॉफ्टवेअर पुन्हा बांधायला, म्हणजे बिल्ड करायला, पाऊण तास! अरे बाबांनो, आम्ही कप्पे वेगवेगळे आहोत की!

तीन वाजता परीक्षक येणार होते. प्रोजेक्ट चाललं नाही तर दोघांचं वर्ष जाणार होतं आणि धम्मप्रियाची हाती आलेली नोकरीही. दीड वाजला होता.

"अजून एकदा बदलून राहिलो," श्रीशैल म्हणाला. "सीनियरनं असंच केलतं."

"त्याचा टॉवर एकच व्हता. आपले दोन हायत," धम्मप्रिया म्हणाली. "थांब, यादी वाचू दे."

वाचली एकदाची! घुसडलेली ओळ तिनं काढली, सॉफ्टवेअर शेवटचं बांधलं आणि सेटिंगच्या फाइलीतून दोन्ही कप्पे वेगवेगळे भरले. दोन्ही टॉवर नीट चालले. मला रडूच आलं असतं.

परीक्षक पाहून म्हणाले, "आता बिलोलीचं काम लोह्यासारखं करून दाखवा."

श्रीशैलचा चेहरा उतरला. धम्मप्रियानं त्या सेटिंगच्या फाइलीतली एक ओळ बदलली आणि पुन्हा चालवलं. मिनिटही लागलं नाही.

"हे सीनियरच्या प्रोजेक्टात नव्हतं," परीक्षक म्हणाले.

"यादीत व्हतं सर," ती म्हणाली. "आमी कुणी वाचलंच न्हाई."

मित्रांनो, कुणाला बोलवायचं ते मी जपून ठेवतो, पण मला स्वतःला तुम्हाला हाक मारता येत नाही. मोडतोड करण्याआधी तुम्हीच एकदा माझ्याकडे बघत जा.