प्रशांतचा फोन, मुंबई

आणखी कुणीतरी पाहत आहे

नथू वारला होता. त्याचं जलदान, गेलेल्या माणसाला पाणी द्यायचा विधी, उद्यावर आलं होतं. धसईच्या घरात पाहुणे दाटीवाटीनं बसले होते. त्यांच्या पोरांनी धिंगाणा घालू नये म्हणून सून संघरत्नानं त्यांना आतल्या खोलीत कार्टून लावून दिलं होतं, आवाज बारीक करून. मध्येच कार्टून थांबलं. टीव्हीवर पाटी आली. पोरांनी गलका केला तसा नथूचा पुतण्या जैतू आत गेला. तो मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला. घरातलं तारांचं, रिमोटचं सगळं त्याच्याकडंच.

बराच वेळ तो बाहेर आला नाही. आला तो सरळ नथूच्या बायकोपुढं, चिमाबाईपुढं उभा राहिला.

"काकी, प्रशांत कुटं हाय?"

"शारजाला. कंपनीनं रजा दिली नाय म्हणून सांगितलं नाय का तुला."

"मग आत या. बघा काय लिवलंय."

चिमाबाईला वाचता येत नव्हतं. जैतूनंच वाचून दाखवलं, भिंतीपलीकडं ऐकू जाईल असं. प्रशांतचा फोन. मुंबई. आत्ता चालू. आणि खाली मालिकेचं नाव. नथू रोज जेवताना पाहायचा तीच.

परिचय वगळा

वगळायचा तो कसा? प्रशांत गेल्या वर्षी एसीच्या कामावर शारजाला गेला. तिकडं आपल्या मालिका लागत नाहीत म्हणून फोनमध्ये त्यानं एक ॲप टाकलं, व्हीपीएन. ते ॲप फोनला मुंबईत आहे असं दाखवतं, मग सगळं लागतं. घरच्या टीव्हीवरचं कार्टूनही त्याच्याच खात्यावरचं, एका वेळी एकाच ठिकाणी चालणारं. व्हिडिओ कॉलसुद्धा तिकडं त्याच्यावरच चालतो. जेवणाच्या वेळी बाप इकडं केबलवर मालिका पाहायचा, पोरगा तिकडं फोनवर तीच पाहायचा, आणि नंतर दोघं फोनवर त्या मालिकेतल्या सासूला शिव्या घालायचे. दुसरं काही बोलायचेच नाहीत. तब्येत कशी, पगार झाला का, काही नाही.

बायको म्हणून हे संघरत्नाला माहीत होतं. तिनं सांगितलं. सगळं सांगितलं.

"आई, ते ॲप खोटं दाखवतं. तो तिकडंच हाय."

"टीव्ही लबाड," चिमाबाई म्हणाली, "फोन लबाड. माझा पोरगा तेवढा खरा. बापाला अग्नी दिला आन हा मुंबईत बसून मालिका बघतो."

"आगो, असलं कोणी मुद्दाम करतं का," एक पाहुणी म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

संघरत्ना स्वयंपाकघरात गेली. तिनं तांदूळ निवडायला घेतले. निवडता निवडता तिच्या मनात आलं, ते ॲप आपण पाहिलंय कुठं? त्यानं सांगितलं, आपण ऐकलं.

जोडणी होत आहे

सकाळी बुद्धमूर्तीपुढं नथूचा फोटो, फुलं, मेणबत्त्या. मध्ये ताट, शेजारी पाण्याचा तांब्या. आधी ठरलं होतं असं: फोन ताटाजवळ धरायचा, प्रशांत तिकडून हात जोडणार आणि त्याच्या नावानं संघरत्ना पाणी सोडणार. विधी करणारे बौद्धाचार्य थांबले होते. संघरत्नानं कॉल लावला.

प्रशांतचा चेहरा आला. दाढी वाढलेली. मागं पत्र्याची भिंत.

"ही भिवंडीची भिंत का रे?" जैतूनं विचारलं.

"काय दादा?"

"तू मुंबईत हायेस. टीव्हीनं सांगितलं. तिकडं असशील तर ते ॲप बंद कर आन मग बोल."

"बंद केलं तर कॉलच जाईल."

जैतूनं नुसतं सगळ्यांकडं फिरून पाहिलं.

"आई," प्रशांत म्हणाला, "काल बाबांची मालिका लावली होती. त्यांचं जेवण चालू आसंल असं वाटलं. बाकी काय नाय."

चिमाबाई कालपासून त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती फोनकडं वाकली.

"बंद कर रे."

त्यानं आईकडं पाहिलं. मान हलवली. अंगठा पुढं आणला. तोंड अर्धं उघडं रा

मग काळा पडदा. त्यात चिमाबाईचं तोंड दिसत होतं.

लगेच साधा फोन वाजला. नंबर इकडचाच, दहा आकडी.

"बघा," जैतू म्हणाला.

बाहेरदेशातले कॉल कधीमधी असल्याच नंबरावरून येतात. मागं प्रशांतचे दोनदा आले होते, संघरत्नानंच घेतले होते. आत्ता एवढंच एक वाक्य बोलायचं होतं. सगळे तिच्याकडं पाहत होते, आणि ते वाक्य खरं आहे की नाही याची तिला स्वतःलाच खात्री वाटेना. ती बोलली नाही. फोन वाजून वाजून थांबला.

पाणी जैतूनं सोडलं. प्रशांतचं नाव घेतलं नाही.

तुम्ही अजून पाहत आहात का?

पाहुणे पांगले. संघरत्ना ताटं घासून आली तेव्हा फोनवर प्रशांतनं पाठवलेला फोटो पडला होता. लोखंडी खाटेवर स्टीलची ताटली, ताटलीत पाणी. शेजारी अरबी अक्षरांची बाटली आणि दारावर कामगारांच्या कॅम्पची पाटी, तीही तसल्याच अक्षरांची. खाली लिहिलं होतं: कॉल लागंना, मी इथंच पाणी दिलं. तिकडं झालं का?

तिनं फोन चिमाबाईच्या हातात दिला.

चिमाबाईनं फोटो डोळ्यांजवळ नेला. ताटली पाहिली. पाटी पाहिली. वाचता येत नसलं तरी ही अक्षरं आपली नव्हेत, एवढं तिला कळत होतं. तिचा हात खाली आला.

"म्हंजे तिकडंच हाय."

"मी सांगत व्हती ना आई."

"काल सांगत व्हतीस. आज गप बसलीस."

संघरत्नानं ओले हात पदराला पुसले.

"जैतूदादांना दावू का?" तिनं विचारलं.

"कशाला? सगळ्या भावकीसमोर मीच बोलले, बंद कर म्हणून." चिमाबाईनं फोन परत दिला, पालथा करून. "पाणी काय आता माघारी घ्यायचं? कोणाला दावू नको."

"आन त्याला काय लिवू?"

चिमाबाई नथूच्या फोटोपुढची विझलेली मेणबत्ती खरवडत होती. नखात मेण अडकलं होतं.

"लिव, झालं. तुज्या नावानं दिलं."

संघरत्नानं तसं लिहिलं. मग एकदा वाचलं आणि पाठवलं. तिकडून जोडलेल्या हातांचं चित्र आलं, आणि त्याखाली: कोणी दिलं? तू का?

तिनं लिहिलं: हो.