सोबत्याच्या दगडावरची भाकरी

अळणावरकडच्या खेड्यातली जनाबाई दर सर्वपित्री अमावस्येला हुबळीच्या ख्रिस्ती दफनभूमीत, सैनिकांच्या कोपऱ्यात यायची. तिचा परशराम सरहद्दीवरच्या बर्फात गाडला गेला तो सापडलाच नाही. त्याच्या शेजारी पहाऱ्याला असलेला सॅम्युअल सापडला, त्याला इथं पुरलं. आपल्या पोराचा दगड नाही, म्हणून ती सोबत्याच्या दगडावर परशाची भाकरी ठेवायची. कावळा मात्र कधीच शिवला नाही.

“शेत सांभाळलं, बहिणीचं लग्न केलं. आणखी कशात जीव अडकलाय रे तुझा?” ती दरवर्षी करवादायची.

यंदा जनाबाई येणार म्हणून सॅम्युअलची आई रूथअक्का काठी टेकत आली. नवरा गेल्यापासून ती एकटीच होती आणि आता डोळ्यांनीही दिसेनासं झालं होतं. जनाबाईला राहवेना.

“अक्का, चला माझ्या घरी. दोघी मिळून राहू.”

पंख फडफडले. कावळ्यानं भाकरीला चोच लावली.

“कावळा ना गं? जेवला तुझा परशा!” रूथअक्का म्हणाली.

“जेवला,” जनाबाई म्हणाली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. जेवला तो आईत जीव अडकलेला सॅम्युअल. परशा अजून तिकडं बर्फात उपाशीच होता.