बारकीची खोली

पंधराव्या वर्षी बारकीच्या हाताला सकाळी उठल्याउठल्या झटके यायला लागले. हातातला कप उडून भिंतीवर जायचा. वडील म्हणायचे, “बारकीच्या हातून कप सुटला, म्हणजे उजाडलं.” आम्ही बहिणी हसायचो. मग एका सकाळी ती स्वतःच कोसळली, दातखीळ बसली, आणि तो विनोद घरात पुन्हा कुणी केला नाही.

माझं लग्न झालं, तिचं झालं नाही. ती बाईंडिंगच्या कारखान्यात पुस्तकांचे फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवायची. सकाळी हातांचा भरवसा नसे, म्हणून मालकांनी तिला कायमची दुपारची पाळी दिली होती. त्या पगारावर तिनं एक खोली भाड्यानं घेतली आणि म्हातारपणीही तिथंच राहिली. मी गेले की ती पायांनीच स्टूल पुढं सरकवायची, “बस ताई, घर तुझंच आहे, पण रात्री आपल्या घरी जा.”

यंदा गॅसपाशी तिला फिट आली आणि कोपरापर्यंत हात भाजला. माझ्या मुलानं ठरवून टाकलं, “मावशी, आता खोली बंद. आमच्याकडे यायचं.”

“मी काय दुकान आहे का रे, बंद करायला?”

पण ती घाबरली होती. त्याच सुमारास इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्या अभ्यासासाठी जोड्या हव्या होत्या : फिट येणारं माणूस आणि त्याचं फिट न येणारं सख्खं भावंड. मशीनमध्ये निजायचं, ती मेंदूचं काम टिपते. “एकेकट्याच्या चित्रावरून काही ठरत नाही हं, आजी,” त्यांनी आधीच सांगितलं. बारकीनं ते कानाआड केलं. आपलं डोकं शाबूत आहे असं या बाई सांगतील आणि भाच्याचं तोंड बंद होईल, असं तिच्या मनानं घेतलं.

मी त्या नळकांड्यात निजले. कसलाही विचार करू नका म्हणाल्या होत्या. मला आपली दोन वेण्या घातलेली बारकीच दिसत राहिली.

काही महिन्यांनी बाईंनी आम्हाला बोलावलं. मुलगाही बरोबर आला.

“मेंदूचे भाग आपापसांत सारखे निरोप देत-घेत असतात,” बाई म्हणाल्या. “या आजारात काही भागांची एकमेकांशी नको इतकी सलगी होते, आणि काहींचं बोलणं कमी होतं.”

“म्हणजे आमच्या नातेवाइकांसारखंच,” बारकी म्हणाली.

बाई हसल्या. “फिट न येणाऱ्या भावंडांमध्येही त्यातलं थोडंफार दिसलं.”

बारकी लगेच भाच्याकडे वळली. “ऐकलंस? मग हिलाही कोंडून ठेव.”

“आई माझ्याकडेच असते ना.”

मी आधी वडिलांकडे, मग नवऱ्याकडे, आता मुलाकडे. आम्हा दोघींत स्वतःची खोली फक्त तिचीच होती.

“पण मी एकटी राहू का, ते सांगा ना,” तिनं बाईंना विचारलं.

“ते या चित्रांतून कळत नाही, आजी. पण फिट्स अजून येतायत, तोवर एकटं राहणं धोक्याचं आहे.”

महिनाअखेर तिनं खोली सोडली.

मुलगा वाईट नाही. त्यानं तिला खिडकीजवळचा पलंग दिला. फक्त न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली. आत पडली असती तर दार फोडावं लागलं असतं, त्याचंही खरंच होतं.

ती आंघोळीला गेली की मी बाहेर खुर्ची टाकून बसायला लागले. पाण्याचा आवाज थांबला की हाक मारायची, “बारके?” आतून ती खेकसायची, “आहे जिवंत.”

एक दिवस म्हणाली, “हाका मारू नकोस गं, अंगावर काटा येतो. मीच बोलत राहते.”

आता ती आंघोळ करताना मोठ्यानं बोलते. पाणी कोमट आहे, साबण संपत आला, खांदा दुखतोय, टॉवेल कुठं गेला. अर्धा जन्म एकटी, निवांत राहिलेली बाई. मध्येच दम खायला थांबते, आणि तेवढ्यात मी खुर्चीवरून अर्धी उठलेली असते.