राखेतून लवकर काढलेला ॲक्सल

डंपरच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये खालून पाहिलं, तर एक जाड आडवी लोखंडी नळी दिसते. मधोमध तिचं पोट फुगलेलं असतं. त्या पोटात दातेरी चक्रं असतात आणि तिथून दोन दांडे दोन्हीकडच्या चाकांपर्यंत जातात. दांडे चाकं फिरवतात, पण सगळं वजन ती नळी पेलते. तिला आम्ही हाउसिंग म्हणतो. खदानीत एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात आणि वर पंधरा-वीस टन माल असतो, तिथे साध्या गाडीची हाउसिंग टिकत नाही. म्हणून मंगरूळपीर रोडवरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये मी आणि माझी मुलगी मंजुषा जाड पोलादाची हाउसिंग बनवतो. वेल्डिंग तिचं. आयटीआयमध्ये शिकली, पण हात माझ्याकडे बसला.

वेल्डिंग झालं की हाउसिंग कोरड्या राखेच्या खड्ड्यात पुरायची आणि एक दिवस, एक रात्र तिकडे बघायचंही नाही, हा माझा नियम. शाळेची पोरं वर्कशॉप पाहायला येतात तेव्हा हमखास विचारतात, "आजोबा, लोखंडाले पांघरून कायले?" मी त्यांना खाली बसवून सांगतो. तापलेलं लोखंड फुगतं, निवताना आकसतं. सावकाश निवलं तर सगळं मिळून आकसतं. घाईनं निवलं तर जोडाजवळचा भाग आकसू पाहतो आणि शेजारचा त्याला सोडत नाही. आतल्या आत ओढाताण राहते आणि चीर पडते. ती लगेच पडत नाही, कधी दोन दिवसांनीही पडते. म्हणून तर भीती.

तेरा एप्रिलला दुपारी मदनसिंगच्या खदानीवरच्या डंपरची हाउसिंग राखेत होती. त्या गाडीचा ड्रायव्हर हेमसिंग सकाळपासून आमच्या बाकावर बसून होता. तांड्यावरचा माणूस, तोंडाळ, पण हाताला सफाई.

"जानरावभाऊ, उद्या तुमची जयंती. शटर उघडान तुमी परवा. तवरोक मी काय करू, भजे तळू?"

"राख सोडत नाही ना बाप्पा."

"राखेले काय समजते? काढलं तं निंगते. मदनसिंग मले म्हने, दोन दिवस गाडी उभी राह्यली तं तूही घरीच राह्य."

माझंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. मिरवणुकीची व्यवस्था यंदा माझ्याकडे होती आणि बुद्धविहारातून फोनवर फोन येत होते. शटर ओढायचं, अंगण धुवायचं, विहारात जायचं, एवढंच डोक्यात होतं. चार तासांत मी हाउसिंग राखेतून काढायला लावली.

"बाबा, हात लावून पाहा," मंजुषा म्हणाली. "लय गरम हाये."

"चालते एवढं."

"मंग मले काहून वरडत जाता तुमी? मी काढली असती तं?"

गरम हाउसिंगवर रबराचं ऑइल सील बसवलं तर ते जळतं, म्हणून मी पोतं पाण्यात भिजवून जोडावर टाकलं. वाफ निघाली. मंजुषा माझ्याकडे बघत उभी राहिली, मग पाने घ्यायला आत गेली. दिवस मावळायच्या आत डंपर चाकांवर उभा होता. हेमसिंगनं जाताना हॉर्न वाजवला आणि ओरडला, "जय भीम, भाऊ! मिरवणुकीत नाचजा जराक!"

मी नाचलोही.

दर कामासोबत आम्ही त्याच पोलादाचे दोन तुकडे जोडून हाउसिंगच्या शेजारी ठेवतो, म्हणजे हाउसिंग गेल्यावरही तिच्या जोडाची परीक्षा करता येते. तो तुकडाही त्या दिवशी ओल्या पोत्याखाली होता. पंधराच्या सकाळी मंजुषानं त्याला रॉकेल लावलं, पुसून कोरडा केला आणि वर खडूची भुकटी पसरली. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल भुकटी ओली करतं. जोडाच्या कडेनं केसासारखी काळी रेघ उमटली. तेराला तिनं हीच परीक्षा केली होती, तेव्हा भुकटी पांढरीच राहिली होती.

"बाबा," एवढंच ती म्हणाली.

हेमसिंगचा फोन वाजत राहिला. क्रशरच्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार? मदनसिंगला लावला, तर त्यानं "नंतर करतो" म्हणून ठेवून दिला. मंजुषानं मोटारसायकल काढली, मी मागे बसलो. खदान अर्ध्या तासावर. मदनसिंग वरच्या कडेला खुर्ची टाकून बसला होता.

"गाडी बंद करा," मी म्हणालो. "ॲक्सलमध्ये चीर असन. माह्याच हातची चूक हाये."

"परवा तं छाती ठोकून देली तुमी!"

"देली. आता बंद करा म्हनतो."

तेवढ्यात भरलेला डंपर खालून चढावर आला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खदानीचा खोल खड्डा. गाडी हळू, एका चालीनं वर येत होती. मी पळत चढाच्या वरच्या तोंडाशी गेलो आणि दोन्ही हात हलवले. थांब, थांब. हेमसिंगनं मला ओळखलं. खिडकीतून हात काढून हसला आणि त्यानं ब्रेक दाबला.

ब्रेक दाबला की चाक थांबतं, पण गाडीचा सगळा जोर हाउसिंगच्या टोकाला वेल्ड केलेल्या ब्रेकच्या चकतीवर आणि तिच्या जोडावर येतो. हे मी किती पोरांना शिकवलं असेल. त्या क्षणी मला ते आठवलं नाही.

मोठा आवाज झाला. खड्ड्याकडचं मागचं चाक ब्रेकसकट निखळलं, गाडी त्या अंगाला बसली आणि मालासकट खाली गेली. मंजुषा माझ्या आधी खाली उतरली. हेमसिंगला बाहेर काढायला दुपार झाली. तो तेव्हा जिवंत नव्हता.

पंचनाम्याच्या वेळी मदनसिंग म्हणाला, "गाडीवरचा ताबा सुटला, असं लिवा साहेब." माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली. त्यात त्याचीही सोय होती, माझीही. मी हवालदाराला राखेचं, पोत्याचं आणि हात हलवल्याचं सगळं सांगितलं. त्याला राखेचं कळेना. मी त्याला पुन्हा पहिल्यापासून समजावलं.

चौथ्या दिवशी मंजुषासोबत तांड्यावर गेलो. हेमसिंगची बायको राखी दारात बसली होती. तिलाही सगळं सांगितलं. ती खाली बघत ऐकत होती.

"तुमी हात नसता केला तं गाडी वर आली असती का?"

"त्या खेपेले आली असती बहुतेक. मंग वर सपाटीवर थांबवता आली असती."

"त्यानं तुमाले ओळखलं होतं?"

"हो. हसला होता."

राखी उठली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी अंगणात उभा राहिलो. थोड्या वेळानं मंजुषानं मोटारसायकल सुरू केली. मी मागे बसलो नाही, तेव्हा तिनं ती बंद केली आणि तीही उभी राहिली.