झेंडूची वरात

१९६४ साली रास अल खैमाला खजुराच्या बागेत वलीला चार वाफ्यांपुरती जमीन मिळाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं की तो कांदे लावणार. पण त्याच्या बायकोनं, अन्वरीनं, रत्नागिरीहून आणलेलं झेंडूचं बी पेरलं. पुढं वली गलबतावर मस्कतला गेला आणि थंडीत सगळा झेंडू एकदमच फुलला.

अन्वरी आणि तिची जाऊ खतीजा सकाळीच कात्र्या घेऊन बागेत गेल्या. कितीही फुलं कापली तरी मागं तेवढीच उरलेली दिसत. टोपल्या भरल्या, ओढण्या भरल्या, शेवटी खतीजानं बुरख्याची झोळी केली. दोघींना हसू आवरेना.

"एवढ्या फुलांचं करायचं काय?" खतीजानं विचारलं.

"वाटायची. यल्ला, चल."

शेजारच्या मौझाआजींना वाटलं, बकऱ्यांसाठी चारा आणलाय. अन्वरीनं त्यांच्या गळ्यात हार घातला, तेव्हा त्या आरशासमोरून हलेनात. मग घराघरांतून बायका हार मागू लागल्या. कुणीतरी डफ काढला. दुपारपर्यंत पाणीवाल्याच्या गाढवाच्याही गळ्यात झेंडू आला.

संध्याकाळी मस्कतहून परतलेला वली बंदरावरून आला आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकला.

"लग्न कुणाचं आहे?"

"कुणाचंच नाही," अन्वरी म्हणाली. "तुम्ही जरा मान खाली करा."

त्यानं मान खाली केली. हार गळ्यात पडताच डफ जोरात वाजू लागला, आणि अख्खी गल्ली गात-हसत त्याला नवरदेवासारखं घरापर्यंत सोडायला निघाली.