बत्ताशासारखं रक्त

या, असे मागे भिंतीला टेकून बसू नका. पुढे सरका, सतरंजीवर जागा आहे. आज एक गोष्ट सांगतो. पुराणातली नाही, आमच्या धायरीच्या मारुतीच्या देवळात, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. मधेमधे हसू येईल. ते फार टिकणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

देवळात दर गुरुवारी कीर्तन असे. माझा जीव तर त्या टाळ-मृदंगातच अडकलेला. पण त्या वर्षी कीर्तन संपलं तरी लोक उठेनासे झाले. उलट गर्दी वाढायची. हिंजवडीच्या कंपनीच्या बसमधून उतरलेली, गळ्यात ओळखपत्र लटकवलेली पोरं थेट मंडपात यायची. कारण बुवांनी जागा सोडली की तिथे मोठा पडदा लागे, पुढे सूक्ष्मदर्शक, आणि त्यामागे पांढऱ्या रेशमी झब्ब्यात श्यामसुंदर महाराज.

"माऊली, डॉक्टर नुसता रिपोर्ट देतात. मी दर्शन देतो! हे बघा तुमचं ब्लड, लाइव्ह! केवढी निगेटिव्हिटी आहे यात!"

एका निळ्या बाटलीतल्या पाण्याने बोट पुसून महाराज रक्त घेत आणि पडद्यावर त्याच्या पेशी दिसत. वेड्यावाकड्या, काटेरी, वाटेवरचे सराटेच जणू. मंडप हळहळायचा. मग महाराज सगळ्यांकडून नामस्मरण करून घेत, दुसरं बोट पांढऱ्या बाटलीतल्या पाण्याने पुसून त्याचं रक्त घेत आणि पडद्यावर काय? गोल, गुबगुबीत, बत्ताशासारख्या पेशी! टाळ्या, जयजयकार, आणि संभाजीरावांच्या डोळ्यांत पाणी. जमीन बिल्डरला देऊन मोकळे झालेले हे आमचे संभाजीराव. पडदा आणि यंत्र त्यांनीच देवळाला दिलेलं.

एका गुरुवारी ललिता आपल्या शेफालीला घेऊन पुढे गेली. शेफाली बारा वर्षांची, कीर्तनात बुवांच्या मागे उभी राहून टाळ धरायची. अशी लयीत, की बुवा कौतुकाने मान वळवून बघायचे. तिला लहानपणापासून मधुमेह. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन.

सराट्यांचे बत्तासे झाले, आणि महाराज म्हणाले, "रक्त शुद्ध झालं, ताई. आता सुया बंद. पोरीला किती टोचाल?"

शेवटचं वाक्य ललिताच्या काळजात गेलं. रोज त्या दंडावर सुई टोचताना पोरीआधी तीच 'आई गं' म्हणायची.

पुढच्या गुरुवारी शेफाली टाळ न घेता खांबाला टेकून बसली होती. सारखी उठून नळाला तोंड लावायची. ललिताच्या शेजारची मैत्री नावाची मुलगी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी, तिला बघायला म्हणून देवळात आली आणि जवळ बसताच दचकली. पोरीचा श्वास खोल, भात्यासारखा चालला होता, आणि त्याला सडक्या फळांचा वास येत होता.

"ललिताकाकू, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं."

"अगं, अशक्तपणा आहे नुसता. रक्त शुद्ध होताना होतो म्हणे."

"इन्सुलिन कधी बंद केलंत?"

"तू पडद्यावर बघ आधी, मग बोल! माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

पडदा खोटा ठरल्याशिवाय ही आई उठणार नाही, हे मैत्रीला कळलं. ती तडक पुढे गेली आणि महाराजांसमोर बोट धरलं.

संभाजीराव फिस्कारले, "तुमच्या घरात देव मानत न्हाईत. मग हितं काय काम हाय?"

"माझं देवाशी भांडण नाही, काका. या बाटल्यांशी आहे."

महाराज नेहमीसारखे हसले. निळ्या बाटलीतल्या 'शोधन-जला'त कापूस भिजवला, बोट ओलं केलं, त्या ओल्या बोटावरच सुई टोचली.

"झोंबलं," मैत्री म्हणाली.

"रोग निघताना झोंबणारच, बेटा."

पडद्यावर सराटे उमटले. मैत्रीने मात्र बोट चाटलं आणि मागे वळून म्हणाली, "रक्ताहून कितीतरी खारट आहे! आता काका, तुम्ही या. पण बाटल्या उलट. आधी पांढरी, मग नामस्मरण, मग निळी."

"असं चालत नाही! व्हायब्रेशन्स डिस्टर्ब होतात!" महाराज उठून उभे राहिले.

"का चालत न्हाई?" संभाजीरावांनी स्वतःच पांढऱ्या बाटलीत कापूस बुडवला. यंत्र त्यांचं, बोट त्यांचं, अडवणार कोण? पडद्यावर बत्तासे. मग नाम झालं. आम्ही सगळ्यांनी मनापासून घेतलं. मग निळी बाटली.

पडद्यावर सराटे.

मागून कुणीतरी कोरडेपणाने म्हणालं, "वा! देवाचं नाव घेतल्यावर रक्त नासलं म्हणायचं."

संभाजीरावांनी बोट जिभेला लावलं. "आयला, मीठ हाय!"

"कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं आणि त्या आक्रसतात ना?" मैत्री घाईघाईने सांगत होती, नजर मात्र शेफालीवर. "पेशीचंही तसंच. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर येतं, पेशी सुकून काटेरी होते. पांढऱ्या बाटलीत साधं सलाइन असणार, रक्ताला मानवेल इतक्याच मिठाचं. नुसतं पाणी घेतलं असतं तर पेशी फुगून फुटल्या असत्या. यांना ते बरोबर माहीत आहे."

म्हणजे माणूस शिकलेला होता. मला तेच जास्त लागलं.

मैत्री ललितापुढे बसली. "काकू, शेफालीच्या रक्तात साखर भरपूर आहे, पण इन्सुलिनशिवाय ती पेशीच्या आत जात नाही. ओसरीवर धान्याची पोती आणि घरात उपास, तसं झालंय. उपाशी पेशी चरबी जाळतायत, त्याचं विष रक्तात साठतंय. उठा!"

ललिता उठली. संभाजीरावांनी पोरीला उचलून जीपमध्ये घातलं. सिंहगड रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागलेली. मैत्री सारखी तिच्याशी बोलत होती. आधी शेफाली हुंकार देत होती, मग तोही देईना.

डॉक्टरांनी रात्रभर शर्थ केली. सकाळी ते बाहेर आले आणि म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर.

ते थोडं आम्ही पडद्याला दिलं होतं.

महाराज त्या धांदलीतच पसार झाले. आता खराडीकडे पडदा लावतात म्हणे. बाटल्यांचे रंग बदललेत.

मी आजही कीर्तनाला पहिल्या रांगेत बसतो. नामाने मन निवतं, हे मी अनुभवाने सांगेन. पण नाम काचपट्टीवर मोजायची वस्तू नाही, आणि इन्सुलिनची जागा ते घेत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच म्हणा: बाटल्या उलट करून दाखव. आणि औषध थांबवायला सांगणारा कितीही गोड बोलो, आधी डॉक्टरांना विचारा.

शेफालीला तुम्ही विसरणार नाही. माझी विनंती वेगळी आहे. गावाने नंतर ललितालाच बोल लावले, "कसली ही आई!" अहो, टाळ्या वाजवणारे हात आमचे होते. पोरीला टोचवत नव्हतं म्हणून फसली ती. तेव्हा असं कुणी फसलेलं भेटलं आणि हसू आलं, की आमच्या ललिताची आठवण ठेवा.