नवसागराचा वास

सात-आठ बायका काठ्या घेऊन गल्लीत शिरल्या. मालुबाई सगळ्यांच्या पुढे होती, आणि आज कुणाच्या दारात जायचं हे तिला एकटीलाच ठाऊक नव्हतं. रविवार होता, तंबाखूच्या वखारीला सुट्टी होती. देवळापाशी बसलेल्या मालुबाईला अक्काताईने येऊन एवढंच सांगितलं होतं की दारूच्या भट्टीचा वास सुटलाय, काठी घे. अशा वेळी जास्त विचारायची मालुबाईची रीत नव्हती.

अक्काताई थांबली ती मालुबाईच्याच उंबऱ्यापाशी.

"हे माझं घर हाय," मालुबाई म्हणाली.

"म्हणून तर तुला पुढं घातलं. महिना झाला, गल्लीत नाक धरून चालाय लागतंय. तू आपनहून बोलशील म्हणून थांबलो. तू बोलंनास."

बाकीच्या बायका खाली बघत होत्या. ह्याच बायकांना मालुबाईने अकरा वर्षांपूर्वी दारूविरुद्ध घराबाहेर पडायला लावलं होतं. तिचा नवरा मारुतीराव पिऊन पिऊन गेला, जाईपर्यंत तिला गुरासारखा बडवत राहिला. तो गेल्यावर ह्या बाईने काठी घेतली ती ठेवलीच नाही. आपल्या बोरगावपासून पलीकडच्या वाड्यांपर्यंत किती भट्ट्या फोडल्या याची मोजदाद नव्हती. दारूसाठी आंबवलेल्या गुळाच्या रसायनात टाकलेला नवसागर मालुबाईच्या नाकापासून लपत नाही, असं लोक बोलायचे. ती नुसती वाकून हुंगायची आणि एक शब्द बोलायची. त्या शब्दावर काठ्या चालायच्या.

खरी गोष्ट अशी होती की तिला वास येतच नव्हता. निपाणीच्या वखारीत सव्वीस वर्षं तंबाखू चाळून तिचं नाक कधीच मेलं होतं. हे तिने जिवाभावाच्या अक्काताईलासुद्धा सांगितलं नव्हतं. घरधनी कुठं बघतो, कुठल्या कोपऱ्याकडे बघायचं टाळतो, यावरून ती अंदाज बांधायची. सांगितलं असतं तर उरलं काय असतं? वखारीतली एक म्हातारी होत चाललेली बाई.

पण आता तिच्या डोक्यात दुसरंच काही पेटलं. युवराज, तिचा एकुलता एक मुलगा, बापाच्याच वाटेने गेला होता. चार महिन्यांपूर्वी बेळगावच्या दवाखान्यात त्याचं अर्धं आतडं कापून काढलं, तेव्हापासून तो थेंबाला शिवला नाही असं ती सगळ्यांना सांगत होती. म्हणजे सून, तेजस्वी, त्याला घरातच गाळून देते तर! मालुबाईने लाथ घातली तशी दाराची कडी निखळून पडली.

तेजस्वी मागच्या न्हाणीघरात होती. पाण्याच्या बंबाशेजारी, उबेला, गोणपाटात गुंडाळलेलं एक मोठं मडकं होतं. अक्काताईने गोणपाट ओढलं आणि सगळ्या बायकांनी एकदम पदर नाकाला लावला. ते पाहून मालुबाईनेही लावला, जरा उशिरा.

"हुंग," अक्काताई म्हणाली. "आन् तुझ्या तोंडानं सांग."

मालुबाई वाकली. नाकाला काही कळलं नाही. ऊब लागली आणि डोळे चरचरले. नवसागरानेही असेच चरचरतात.

"नवसागर," ती म्हणाली.

पहिली काठी तिनेच घातली. तेजस्वी मडक्यावर आडवी पडली तेव्हा दुसरी तिच्या मनगटावर बसली. मालुबाईने सुनेचे केस धरून तिला फरफटत बाजूला काढलं. मरंस्तवर पाजणार व्हय गं माझ्या लेकाला, असं विचारत होती आणि मारत होती. मारुतीरावाच्या हातून तिने जेवढा मार खाल्ला होता तेवढा सगळा त्या काठीत उतरला होता, आणि खरं सांगायचं तर मारताना तिला बरंही वाटत होतं. एक घाव कपाळावर बसला. युवराज पोट धरून आतून आला, दारू न्हाय ती आई, एवढंच म्हणाला. पिणाऱ्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवतो? त्या बायकांतल्या दोघींनी त्याला भिंतीवर ढकललं आणि तो टाक्यांच्या जागेवर हात दाबून खाली बसला. तोवर इतर काठ्यांनी मडक्याच्या ठिकऱ्या केल्या होत्या.

पण त्यातून काही वाहिलं नाही. केळीच्या पानांच्या पुड्या फुटून पसरल्या. आत तपकिरी दाणे होते, एकमेकांना धरून बसलेले, चिकट तारा सुटलेले. अक्काताईने काठीच्या टोकाने ते उलथले.

"सोयाबीन हाय हे," ती म्हणाली.

कपाळावरचं रक्त तेजस्वीच्या डोळ्यात ओघळत होतं, तरी तिने सांगितलं. बेळगावच्या वॉर्डात मणिपूरची एक नर्स होती. युवराजच्या पोटात डाळीचं पाणी ठरत नव्हतं तेव्हा त्या पोरीने आपल्या डब्यातला घास दिला, आणि तो ठरला. तिनेच कृती शिकवली. दाणे भिजवायचे, बोटांत चिरडतील इतके शिजवायचे, पानात बांधून तीन दिवस उबेत आंबवायचे. वास उग्र सुटतो, पण आंबलेलं पोटाला हलकं जातं. महिनाभर तो रोज दोन घास खात होता. त्याच्या अंगावर मांस दिसायला लागलं होतं.

"तुम्ही रोज हितंच आंघोळ करताय की, आत्ती," तेजस्वी सासूला म्हणाली. "वास आला न्हाय व्हय तुम्हास्नी? काय बोलला न्हाईसा, म्हणून मला वाटलं, चालतंय तुम्हाला."

सगळ्या मालुबाईकडे बघू लागल्या. दाण्यात नवसागर कालवलाय, असं ती म्हणू शकली असती आणि निम्म्या बायकांनी तेही मान्य केलं असतं. ते वाक्य तिच्या ओठांवर आलंही होतं. मग तिला सुनेचं कपाळ दिसलं.

"मला वास येत न्हाय," ती म्हणाली. "नऊ वर्सं झाली."

अक्काताईला आधी काही उमगलं नाही. उमगलं तशी तिने हातातली काठी खाली टाकली. दोन वर्षांपूर्वी तिच्याच धाकट्या दिराच्या, भरमूच्या, गोठ्यात एक पिंप सापडलं होतं. म्हशीचं आंबोण भिजवलंय वैनी, असं तो हात जोडून सांगत होता. मालुबाई वाकली होती, एक शब्द बोलली होती, आणि भरमूचा उजवा हात अक्काताईच्या काठीने कोपरात मोडला होता. तो जुळलाच नाही. भरमू गाव सोडून गेला. सदलग्यात कुणाच्या तरी टपरीवर तो डाव्या हाताने चहा गाळतो.

"मग भरमूच्या पिंपात काय व्हतं?"

"मला ठावं न्हाय."

मालुबाई मडक्याच्या खापरांत बसली. तिने आपला उजवा हात फरशीवर सरळ लांब केला आणि मार म्हणाली. अक्काताईने काठी उचलली. पण घातली नाही; भिंतीवर भिरकावली आणि सदलग्याची गाडी धरायला स्टँडच्या दिशेने चालू लागली. बाकीच्या बायका एकेक करून निघून गेल्या.

मालुबाईचा हात मात्र फरशीवर तसाच होता. तेजस्वी कपाळाला पदर दाबून उठली. सासूजवळ येऊन तिने तो हात मनगटाशी धरला आणि बाजूला केला. त्याच्या आड खापरांत एक पुडी न फुटता राहिली होती. ती उचलून, पानावरची माती पुसून, ती नवऱ्याला जेवायला उठवायला गेली.